बाजाराची गोळी

माझं नाव बेबी. वय अडुसष्ट. या वयाची बेबी म्हटल्यावर माणसं हसतात, हसू द्या. मी मेडशीची. मिरची-हळदीचं दुकान लावते. दुकान म्हणजे काय, एक ताडपत्री, सहा पोती आणि तराजू. शाळा तिसरीपर्यंत झाली. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदावर केलं. मिरची बांधायला रद्दी आणायची आणि गिऱ्हाईक नसलं की तीच वाचत बसायची. कितीतरी बातम्या मी अर्ध्याच वाचलेल्या आहेत, कारण उरलेली अर्धी मिरचीसोबत कोणाच्या तरी घरी गेली.

तर अशा बाईनं आजारपणावर लिहावं, हे नसीमचं खूळ. नसीम कोण, ते पुढं येईलच. ती म्हणाली, "अम्मा, मले जे सांगता ना बसून, ते कागदावर लिहा. तुमच्यासारख्या लय बाया आहेत. त्याइले कोन सांगनार?" म्हणून लिहिते आहे. यात जुलाबाच्या गोष्टी येतील. जेवताना वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

हात मिटायला लागले

दोन वर्षांपूर्वी सकाळी उठलं की माझ्या हाताची बोटं मिटत नव्हती. मिरचीचं देठ धरता येईना, किलोचं माप उचलता येईना. जन्मभर मी आठवड्याला पाच बाजार केले. पाच दिवस पाच गावं, दोन दिवस माल निवडायला. ते सगळे सुटले आणि आमच्या गावचा एकच बाजार उरला. तोही सून वंदना पोती उचलून द्यायची म्हणून. मुलगा विलास शाळेत शिपाई आहे, त्याला बाजाराच्या वेळी सुट्टी नसते.

वंदनानंच मला वाशीमला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनं हात दाबून पाहिले, रक्त तपासलं आणि सांधेवात आहे म्हणून सांगितलं. एक गोळी लिहून दिली. म्हणाल्या, "ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घ्यायची नाही. एक वार ठरवा. कोणता वार लक्षात राहील?"

मी म्हटलं, "मॅडम, मले वारच समजत नाही आजकाल. सारे दिवस सारखेच दुखतात."

वंदना म्हणाली, "बाजाराचा दिवस त्याइले बराबर ध्यानात राह्यते. आठवड्यातून एकदाच जातात."

"छान," मॅडम म्हणाल्या. "मग बाजाराच्या दिवशी."

आणि कायम ध्यानात राहावं म्हणून वंदनानं गोळ्यांची पट्टी माझ्या बाजाराच्या थैलीतच ठेवली. भाकरीचा डबा, पाण्याची बाटली, चष्मा आणि गोळी. किती हुशारीचं काम! मी आजही म्हणते, हुशारीचंच होतं.

गोळी लागू पडली हो. चार-पाच महिन्यांत मूठ मिटायला लागली. दिवाळीत मी स्वतःच्या हातानं करंज्या भरल्या आणि सगळ्या घराला हात उघडून मिटून दाखवला. संक्रांतीनंतर नवी मिरची आली, आणि मिरचीचा हंगाम आला म्हणजे मला घरात कोणी बसवून दाखवावं. मी पुन्हा पाचही बाजार धरले.

थैली तीच होती. डबा तोच. पट्टी त्यातच. दुपारी भाकर खायची आणि गोळी घ्यायची. बाजाराच्या दिवशी गोळी.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला आठवड्यातून एकदा सांगितलं होतं ना? खोटं कशाला सांगू, सांगितलं होतं. पण ते वर्षापूर्वी. वर्षभर माझ्या डोक्यात फक्त "बाजाराच्या दिवशी" एवढंच घोळत राहिलं, आणि बाकीचं गळून पडलं. वरून मी माझाच एक अर्थ लावला. बाजारात पोती ओढली की हात दुखतात, म्हणून बाजार केला की गोळी. ज्या दिवशी बाजार नाही त्या दिवशी दुखणं नाही, मग गोळी कशाला? हिशेब इतका सरळ वाटला की कोणाला विचारावंसंही वाटलं नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या तीन आठवड्यांच्या आतच संपत आल्या, आणि पट्टी लवकर संपते आहे म्हणजे माझे बाजार चांगले होऊन राहिले आहेत, यातच मी खूष.

दर महिन्याला रक्त तपासा, असंही मॅडम म्हणाल्या होत्या. हंगामात कोण जातं?

मिरचीवालीचं तोंड

आधी तोंड आलं. जिभेच्या कडेला फोड, गालाच्या आत फोड. मला वाटलं मिरचीची धूळ. पन्नास वर्षं ती धूळ खाल्ली, तोंड कधी आलं नव्हतं, हे काही सुचलं नाही. वरणाचा घास झोंबायला लागला. मग नुसतं पाणी झोंबायला लागलं. मिरचीवाली बाई आणि पाण्यानं डोळ्यांत पाणी, अशी माझी गत.

मग जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी चार वेळा. दुसऱ्या दिवशी मोजणं सोडलं. वंदनानं मीठ-साखरेचं पाणी केलं, भाताची पेज केली. शेजारणींनी डाळिंबाची साल, जायफळ, साबुदाणा, ज्याच्या घरी जे होतं ते आणलं. प्रत्येकीनं एकच विचारलं, "काय खाल्लं होतं?" आणि मीही तेच शोधत बसले. कोणत्या बाजारातली भजी? कुठल्या टाक्याचं पाणी?

तिसऱ्या दिवशी बाजार होता, आणि मी गेले. हो, गेले. आता लिहितानाही लाज वाटते. बाजार करणाऱ्या बाईला पोट बिघडलं तर काय भोगावं लागतं ते बाजार करणारीलाच ठाऊक. आडोसा नाही, पाणी नाही, दुकान कोणाच्या भरवशावर सोडावं ते कळत नाही. त्या दिवशी मी पाव किलो मिरची तोलली तरी खूप झालं. भाकर खाता आली नाही. पण गोळी मात्र घेतली, कारण बाजार होता.

गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं दिली. त्यांनाही मी तेच सांगितलं, बाहेरचं खाल्लं असेल. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप आला. उन्हाळ्याच्या तोंडावर दोन गोधड्या घेऊन मी कापत होते. वंदनानं माझ्या कपाळाला हात लावला आणि विलासला म्हणाली, "आता साल-बिल काही नाही. गाडी बोलाव. आईले वाशीमले नेतो."

विलास म्हणाला, "उद्यापर्यंत पाहू ना."

"तुमाले पाहाचं तर पाहा. आमी चाललो."

माझी सून कमी बोलते, पण बोलली की तिच्या बोलण्यावर बोलायची कोणाची हिंमत होत नाही.

बेबी कुठं आहे?

दवाखान्यात एक सिस्टर कागद घेऊन सगळ्या वॉर्डात ओरडत फिरत होती, "बेबी कोणाची? बेबीची आई कुठं आहे?"

मी पडल्या पडल्या हात वर केला. "माय माही जाऊन तीस वर्षं झाली, बाई. बेबी मीच आहे."

सगळा वॉर्ड हसला. माझे ओठ फाटलेले होते, तरी मी हसले, आणि रक्त आलं. सिस्टरनं लगेच कापूस लावला. "आजी, आता मले हसवू नका, मंग मीही तुमाले हसवत नाही," असं म्हणून हसत हसत तिनं सलाईन लावलं.

डॉक्टरांनी सगळं विचारलं. काय खाल्लं, किती दिवस, संडासमध्ये रक्त पडतं का. मग विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत का?"

मी म्हटलं, "सांध्याची आहे एक. बाजाराच्या दिवशी."

"म्हणजे आठवड्याला एक," असं म्हणत त्यांनी लिहून घेतलं. बरोबरच लिहिलं त्यांनी. आमच्याकडं बाजाराचा दिवस म्हणजे आठवड्याचा एक दिवस. पुढं विचारण्यासारखं त्यात काय होतं? मीही मान डोलावली. त्यांच्या कागदावर एक होती, माझ्या मनात पाच होत्या, आणि दोघांनाही वाटलं की आपण एकच बोललो.

रक्त काढायला जी आली ती नसीम. मंगरूळपीरची पोरगी, वाशीमला लॅबमध्ये कामाला. वय तिशीच्या आसपास, डोक्यावर ओढणी, आणि हात असा हलका की सुई कधी टोचली कळलं नाही. तिनं माझा हात उलटा-सुलटा करून पाहिला.

"अम्मा, मिरचीचा धंदा करता का?"

"तुले कसं समजलं व?"

"हात सांगतात. माह्या अब्बाचे हात बघितले तरी समजते, बांगड्यावाले आहेत म्हणून."

एवढंच बोलून गेली.

कोणता बाजार?

तासा-दीड तासानं ती परत आली. हातात पुन्हा सुई. मी म्हटलं, "आताच तर नेलं ना रक्त!"

"आणखीन थोडं पाहिजे, अम्मा." मग ती जाईना. पलंगाच्या कडेला टेकली. तोंड उघडायला लावलं, आतले फोड पाहिले. मग मला म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्या दिवसापासून ते माझ्या कानात बसलं आहे.

"अम्मा, खाण्यानं जुलाब लागले आन ताप आला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी बहुतेक वाढतात. दुश्मन आला की सिपाही जमा होतात ना, तसं. तुमचे सिपाही तर दिसतच नाहीत. मशीननं नऊशे सांगितले. चार हजाराच्या वर पाहिजेत. मले वाटलं मशीन चुकली. दुसऱ्यांदा लावलं. मंग काचेवर रक्त घेऊन दुर्बिणीतून डोळ्यानं पाहिलं. नाहीच. म्हणून आली. तुमी गोळ्या कोणत्या खाता?"

"डॉक्टरले सांगतलं ना. बाजाराची गोळी."

"हाव, लिहिलेलं आहे." तिनं माझ्या हातांकडं पुन्हा पाहिलं. मग विचारलं, "कोणता बाजार?"

"कोणता म्हणजे? सारेच."

नसीमनं हातातली सुई बाजूला ठेवली. "अम्मा, हप्त्यात किती बाजार करता?"

मी बोटांवर मोजून दाखवले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवं बोट उघडलं तेव्हा पायथ्याशी उभी असलेली वंदना पुढं आली. थैली तिच्याच खांद्याला होती. तिनं थैलीतून माझा चष्मा काढला, डबा काढला, आणि शेवटी पट्टी काढली. रिकामी घरं बोटानं चाचपत राहिली.

नसीमनं पट्टी घेतली आणि अक्षरशः पळाली. तिच्या चपलेचा आवाज जिन्यावरून खाली जाताना मी ऐकला.

मी किती वेळा विचार करते, की ती आली नसती तर? कागदावर नऊशे लिहून खाली सही करून पाठवून दिलं असतं, तर तिचं काम झालं असतं. कोणी तिला बोल लावला नसता. पण ज्या घरातला बाप बांगड्या घेऊन पाच बाजार फिरतो, त्या घरातल्या लेकीलाच "कोणता बाजार?" हा प्रश्न सुचतो. मोठ्या शिकलेल्यांना तो सुचला नाही, यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या घरात बाजार आठवड्यातून एकदाच येतो.

दोन सख्ख्या बहिणी

सांध्याच्या डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्या आल्या, माझ्या उशाशी बसल्या आणि आधी म्हणाल्या, "मी वाराचं नाव घेऊन सांगायला पाहिजे होतं, आजी." इतक्या शिकलेल्या बाईनं खेड्यातल्या बाईसमोर हे म्हणावं! माझा अर्धा राग तिथंच गेला. अर्धा माझ्यावरच होता, तो राहिला.

मी त्यांना विचारलं, "मॅडम, जुलाबानं पेशी कमी झाल्या का, पेशी कमी झाल्यानं जुलाब लागले?"

त्या म्हणाल्या, "दोन्ही त्या गोळीनं. शरीरात काही गोष्टी रोज भराभर नव्या तयार होतात. रक्तातल्या पेशी, तोंडाच्या आतली कातडी, आतड्याचं अस्तर. ही गोळी जास्त झाली की त्यांचं नवं तयार होणं थांबतं. म्हणून तोंड आलं, म्हणून जुलाब, म्हणून पेशी गेल्या. आणि पेशी नाहीत म्हणून ताप आला तर आवरायला कोणी नाही."

मला ते असं समजलं. जुलाब आणि कमी पेशी या दोन सख्ख्या बहिणी. मी एकीच्या येण्याला दुसरीला जबाबदार धरत होते. दोघींची आई तिसरीच, माझ्या थैलीत बसलेली.

लगेच इंजेक्शनं सुरू झाली. त्या गोळीचा उतारा, पेशी वाढायचं, तापाचं. मला वेगळ्या खोलीत हलवलं. मॅडम विलासला बाहेर नेऊन बोलल्या, पण दार उघडं होतं आणि माझे कान काही गेलेले नव्हते. "तीन दिवस पाहू. पेशी वर चढल्या तर ठीक. नाही चढल्या, किंवा ताप वाढला, तर अकोल्याला हलवू. आत्ता काहीच सांगता येत नाही."

काहीच सांगता येत नाही, याचा अर्थ कळायला शाळा लागत नाही.

खोलीबाहेरचं भांडण

त्याच दुपारी विलास वंदनावर ओरडला. दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार माणसांसमोर.

"थैलीत कायले ठेवली होती तू? अं? मॅडमले बाजाराचं कोन सांगतलं? तू! माही माय मरून राह्यली तुह्या हुशारीनं!"

ती काही बोलली नाही. मला तिचा आवाज हवा होता. रडली असती, उलट बोलली असती, तरी बरं वाटलं असतं.

बोलता यावं म्हणून मी मिठाच्या पाण्यानं चूळ भरली आणि हाक मारली, "विलास! आत ये. मास्क लावून ये."

तो आला. मी म्हटलं, "तुह्या बायकोनं माह्या सोयीसाठी ठेवली. पाच बाजारात मी खाल्ली. बोटं माही, तोंड माहं, अक्कल माही. तुले पट्टी कधी दिसली का रे? वर्षभरात एकदा तरी थैली उघडून पाह्यली? ज्यानं काही केलंच नाही, त्याची कुठं चूक होणार? जाय. तिले च्या पाज."

पोरगा मान खाली घालून गेला. पण शब्द तोंडातून निघाला की निघाला. वंदना त्या दिवसापासून माझं सगळं करायची, औषध सोडून. गोळी द्यायची वेळ झाली की सिस्टरला बोलवायची. साधी तापाची गोळीसुद्धा हातात धरेना.

नाक बंद कर आणि हात चालव

दवाखान्यातले दिवस कसे जातात ते ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको. सकाळी झाडू, मग रक्त, मग डॉक्टर, मग पेज. येणाऱ्याला आत सोडत नव्हते. मेडशीहून आमच्या विहारातल्या बाया एसटीनं आल्या, फळं घेऊन. सिस्टरनं फळं बाहेरच ठेवली. कच्चं काही चालत नव्हतं, सगळं उकळून, शिजवून. मग त्या खिडकीखाली उभ्या राहिल्या आणि तिथूनच "जय भीम बेबीबाई!" म्हणून ओरडल्या. बाजारात हाका मारायची सवय असलेल्या बाया त्या, सगळा दवाखाना दणाणला. सिस्टर रागवायला गेली आणि हसत परत आली.

सगळ्यात अवघड होतं ते माझं कपडे खराब करणं. ताकद नव्हती, उठेपर्यंत व्हायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी तोंड भिंतीकडं केलं. नऊवारीत कमरेवर पदर खोचून बाजार करणारी बाई मी, आणि सुनेनं माझी घाण काढावी! डोळे घट्ट मिटून घेतले.

वंदना शांतपणे काम करत होती. मी म्हटलं, "बाई, कसं करतं व तू हे?"

ती म्हणाली, "लग्न होऊन आली तवा मिरच्या निवडताना मले ठसका लागे. तुमी म्हणत होत्या, नाक बंद कर आन हात चालव. तेच करून राह्यली."

मला इतकं हसू आलं की पोट दुखलं. ती पण हसली. व्हरांड्यातल्या त्या प्रसंगानंतर ती पहिल्यांदा हसली.

दारातली बोटं

रोज सकाळी नसीम रक्त न्यायची. आणि रिपोर्ट डॉक्टरांकडं गेला की खोलीच्या काचेच्या दारात येऊन उभी राहायची. आत यायची नाही. मास्क असायचा, म्हणून बोटांनी सांगायची. पेशींचे शेकडे.

पहिल्या सकाळी सहा बोटं. नऊशेवरून सहाशे. मी वंदनाकडं पाहिलं, वंदनानं खिडकीकडं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा सहाच. नसीमनं बोटं वर करून लगेच खाली घेतली आणि तळहात हलवला, घाबरू नका म्हणून. पण तिचे डोळे मला दिसत होते. ताप होताच. मॅडमनी अकोल्याला फोन करून ठेवला. विलासनं माझे कपडे पिशवीत भरले. मी त्याला म्हटलं, ताडपत्री अंगणात उघडीच राहिली असेल, घडी करून ठेव. तो म्हणाला, "आई, आता ताडपत्री काय व!" आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या पेशींशी बोलले. कोण जाणे ऐकतात की नाही. म्हटलं, बायांनो, मी तुम्हाला कधी विचारलं नाही. अडुसष्ट वर्षं तुम्ही माझ्या आत पहारा दिला, मला तुमचं नावसुद्धा माहीत नव्हतं. घाणीच्या बाजारात बसले, उघड्यावरचं पाणी प्याले, काही झालं नाही. ते माझ्या ताकदीनं नव्हतं, तुमच्यामुळं होतं. आणि मीच तुम्हाला पाच-पाच दिवस मारत गेले. आता या परत. मी नीट राहीन.

तिसऱ्या सकाळी नसीम आली. दारात उभी राहिली. दोन्ही हातांची दहा बोटं उघडली. मग मिटली. मग पुन्हा चार उघडली.

चौदाशे.

वंदना खिडकीपासून दारापर्यंत कशी आली मला कळलं नाही. काचेच्या या बाजूनं तिनं तिचा हात नसीमच्या हातावर ठेवला. मधे काच.

मग चढतच गेल्या. जसजशा त्या चढल्या तसतसा ताप उतरला, तोंड भरत आलं आणि जुलाब, जे दहा दिवस कोणत्याही सालीनं थांबले नव्हते, ते आपोआप थांबले. बहिणी आल्या सोबत, गेल्याही सोबत. आठव्या सकाळी नसीमला बोटं पुरेनात, तर तिनं कागदावर मोठ्या आकड्यात लिहून दाखवलं. चार हजारांच्या वर. खाली तिनं हसऱ्या तोंडाची मिरची काढली होती. तो कागद मी ठेवला आहे. त्याची पुडी बांधणार नाही.

आता

ती गोळी मला कायमची बंद झाली. मॅडमनी दुसरी दिली आहे, ती वेगळी, रोज एक घ्यायची. महिन्याला रक्त तपासायला जाते, हंगाम असो नसो. नसीमसाठी मी पाव किलो चांगली मिरची नेली, देठं काढून, तर म्हणते, "अम्मा, मले तिखट सहन होत नाही." बाजार करणाऱ्याची पोरगी, आणि तिखट सहन होत नाही म्हणे! तिच्या अब्बांना दिली.

ज्यांना माझ्या त्या जुन्या गोळीसारखी आठवड्याची गोळी आहे, त्यांना एवढंच सांगते. बाजाराचा दिवस नको, उपासाचा नको, वाराचं नाव पाहिजे, आणि ते घरात दोघांना तरी ठाऊक पाहिजे. तोंड आलं आणि जुलाब लागले तर काय खाल्लं ते नंतर शोधा, गोळी कशी खाल्ली ते आधी सांगा. आणि ती पुढची गोळी घ्यायच्या आधी दवाखाना गाठा. मी सहा दिवस घालवले.

पावसाळ्याच्या आधी मी पुन्हा एक बाजार धरला, आमच्याच गावचा. निघताना थैली वंदनासमोर धरली आणि म्हटलं, "भर."

"डबा भरतो. गोळी तुमीच घ्या."

"नाही. तूच ठेव. तुह्या हातानं ठेवलेली कधी चुकली नाही. चुकली ती माह्या हातानं."

तिनं पदराला हात पुसले. मग नवी पट्टी काढली, त्यातली एकच गोळी कात्रीनं कापून वेगळी केली, कागदात बांधली, त्या कागदावर वार लिहिला आणि डब्याच्या बाजूला ठेवली. तेव्हापासून रोजच्या रोज असंच, एका दिवसाची एक. विलास दारात उभा होता. म्हणाला, "मले बी दाखव, कोणती आहे ते." तिनं दाखवली.

त्या दिवशी बाजारात वाकड्या बोटांची एक बाई आली. अर्धा पाव मिरची मागितली. बटव्यातून पैसे काढताना गोळ्यांची पट्टी खाली पडली. मी उचलून दिली. नाव इंग्रजीत, ते काही वाचता येईना, पण रंग ओळखीचा होता.

"सांध्याची का व बाई?"

"हाव. बाजाराच्या दिवशी घ्याची आहे."

माझा हात तराजूवरच थांबला. म्हटलं, "कोणता बाजार?"

ती हसली. "हाच आपला. मले कुठचा दुसरा बाजार? मी का तुमच्यासारखी दुकानदार आहे?"

बरोबर होतं तिचं. तरी मी तिच्या पुडीवर, रद्दीतल्या बातमीच्या कडेला, मोठ्या अक्षरात वाराचं नाव लिहून दिलं.